क्लिफर्डच्या वाटणीचं काँक्रीट

बुधवारी दुपारी बार्कसाइडमध्ये मेलेल्या माणसालाही करमत नसेल. दुकानदारांची अर्धी सुट्टी. एक वाजला की खाटकाची जाळी खाली येते, पाववाली पडदा ओढते, गेनरच्या सलूनमधले ड्रायर घरघरायचे थांबतात, आणि गाव असं निपचित पडतं की टेकडीवर मेंढी खोकली तर चौकात ऐकू यावी. एरवी माणसाला घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त सापडतं. बुधवारी निमित्तंही कुलूपबंद.

क्लिफर्ड हॉवर्थला हे जितकं कळलं होतं तितकं दुसऱ्या कुणाला कळलं नसेल. बायको गेल्यापासून तो अख्खा पाव घेत नसे, अर्धाच घेई. एकट्या माणसाकडे अख्खा शिळा होतो, असं तो पाववालीला सांगे. खरं कारण वेगळं होतं. अर्धा पाव लवकर संपतो, मग पुन्हा दुकानात जाता येतं, रांगेत उभं राहता येतं, हवेबद्दल दोन वाक्यं बोलता येतात. हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. पण शेजारच्या आयरीन नटॉलनं ते ताडलं. आयरीनला कळलं म्हणजे टेंटर स्ट्रीटला कळलं, आणि टेंटर स्ट्रीटला कळलेलं मी तुम्हाला सांगतोय, तर त्यात माझा काय दोष?

क्लिफर्डची बायको बेरिल ही टेंटर स्ट्रीटच्या शाळेत स्वयंपाकघराची मुख्य होती. गावातली आज तिशी ते पन्नाशीतली जवळजवळ सगळी माणसं तिच्या हातचं जेवून वाढलेली. तिचा मटणाचा रस्सा पातळ असे, तिची कोबी रडवेली असे, हे तिच्या मैत्रिणीही मान्य करतील. पण बुधवारी काँक्रीट असे. काँक्रीट म्हणजे चॉकलेटची वडी. दरवाजाएवढ्या ट्रेमध्ये थापून भाजलेली, काळपट, वर साखरेचे कण चमकणारे, आणि अशी टणक की पोरांनीच तिचं हे बारसं केलं. वर गुलाबी कस्टर्ड ओतायचं, ते मुरेपर्यंत दम धरायचा, आणि मग चमच्यानं हल्ला करायचा. उतावळ्या पोरांची वडी उडून पलीकडच्या टेबलावर जाई. खाटीक डग्लसची एकदा थेट मुख्याध्यापकांच्या मांडीवर गेली होती. तो ते अजूनही अभिमानानं सांगतो.

सबंध गावानं खाल्लेली ही वडी एकाच माणसानं खाल्ली नव्हती. तो माणूस म्हणजे बेरिलचा नवरा.

त्याचं असं झालं. क्लिफर्ड चपलांच्या कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचा, तेही कायम रात्रपाळीला. तो सकाळी घरी येई तेव्हा बेरिल कोट चढवून निघालेली असे. यांचा संसार उंबरठ्यावरच चालतो, असं लोक म्हणत. मग यांना लॉरेन ही मुलगी कशी झाली, हा प्रश्न कारखान्याच्या शिलाई खात्यात बरेच दिवस चघळला जात होता. कारखान्याला उन्हाळ्यात दोन आठवडे टाळं असतं, हे उत्तर आयरीननंच पुरवलं. तर लग्नाच्या पहिल्याच वर्षी एका बुधवारी बेरिलनं उरलेल्या काँक्रीटचा एक तुकडा कागदात गुंडाळून नवऱ्याच्या डब्यात घातला. रात्री मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि मंडळींनी त्याची टर उडवली. क्लिफ शाळेचं जेवण आणतोय, आता दूध पिऊन दुपारची झोप काढेल, वगैरे. सकाळी घरी येऊन त्यानं तो तुकडा तसाच टेबलावर ठेवला.

"मी काय शाळेतलं पोर आहे?" तो म्हणाला. "ते कुत्र्याला घाल."

त्यांच्याकडे कुत्रा नव्हता. पुढच्या बुधवारपासून तो तुकडा आयरीनच्या घरी जाऊ लागला आणि पुढे वर्षानुवर्षं जात राहिला. क्लिफर्ड ही गोष्ट विसरूनही गेला. बेरिल विसरली की नाही हे विचारायची सोय आता राहिलेली नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली.

यंदाच्या वसंतात बातमी आली की शाळा जुलैत बंद होणार आणि मुलं टेकडीपलीकडच्या नव्या शाळेत जाणार. गेनर पुढाकार घेणारी बाई. तिनं ठरवलं की शेवटच्या शनिवारी जुन्या विद्यार्थ्यांचा चहा करायचा, त्याच हॉलमध्ये, त्याच बुटक्या बाकांवर बसून. हे ती पावाच्या रांगेत सगळ्यांना सांगत होती आणि सांगता सांगता तिची नजर क्लिफर्डवर पडली.

"मिस्टर हॉवर्थ, मिसेस हॉवर्थच्या काँक्रीटची कृती असेल ना हो तुमच्याकडे?"

सगळी रांग वळली. इतकी तोंडं एकदम आपल्याकडे वळलेली क्लिफर्डनं बायकोच्या दफनानंतर पाहिली नव्हती, आणि ती तर सगळी दुःखी होती. ही तोंडं आशेनं बघत होती.

"असेल म्हणजे?" तो म्हणाला. "आहेच. मीच करून आणतो."

घरी जाऊन तो डोक्यावरची टोपीही न काढता बराच वेळ बसून राहिला. कृती नव्हती. बेरिलनं ती कधी लिहिलीच नव्हती, तिच्या हातालाच ठाऊक होती. ओव्हन कसा पेटवायचा इथपासून त्याची सुरुवात होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे जे करायचं त्याची चव कशी असते हेच त्याला माहीत नव्हतं. रविवारी ऑस्ट्रेलियाहून लॉरेनचा फोन आला तेव्हा त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. ती हसली आणि म्हणाली, तपकिरी होतं बाबा, गोड होतं. मग तिकडे कुणीतरी दार वाजवलं आणि फोन संपला.

वाचनालयातून त्यानं भाजण्याच्या पदार्थांचं एक पुस्तक आणलं. त्यात काँक्रीट नव्हतं, पण त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी होतं. बेरिलच्या नावानं करायचं तर त्यात हात आखडता घ्यायचा नाही, असं ठरवून त्यानं दुकानातलं सगळ्यात उंची बटर घेतलं आणि सोनेरी कागदातलं परदेशी चॉकलेट घेतलं. सगळं कालवलं, ट्रेमध्ये थापलं, भाजलं, आणि थंड व्हायला ठेवून दिलं. थंड झाल्यावर सुरी शिरेना. उपडं केलं तर पडेना. शेवटी त्यानं परसातल्या खोलीतून छिन्नी आणि हातोडा आणला.

आता टेंटर स्ट्रीटच्या घरांची भिंत ही सामाईक. एका घरात शिंकलं तर दुसऱ्या घरातून आशीर्वाद मिळतो. शेकोटीच्या सळईनं भिंतीवर ठोकायची आमच्याकडे जुनी रीत आहे. एकदा ठोकलं म्हणजे रेडिओ बारीक कर. दोनदा म्हणजे चहा झालाय, ये. तीनदा म्हणजे जिवंत आहेस का. ही भाषा बेरिल आणि आयरीन यांच्यात चाले. क्लिफर्डनं ती सळई निखारे हलवण्यापलीकडे कधी हातात धरली नव्हती, आणि बेरिल गेल्यावर भिंत मुकीच झाली होती. त्या दिवशी तीन ठोके पडले, आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत आयरीन मागच्या दारानं आत आली.

"भिंत पाडतोयस का काय, क्लिफ? माझी ताटं फळीवर नाचतायत."

मग तिला ट्रे दिसला. मग छिन्नी दिसली. आयरीन सत्तरीला टेकलेली विधवा, बारीक, चुणचुणीत, हसायला लागली की खुर्ची शोधणारी. ती खुर्ची शोधून बसली आणि डोळे पुसेपर्यंत हसली. क्लिफर्डनं लाल होऊन सगळं कबूल केलं. कृती नाही. चव माहीत नाही. लोकांना शब्द दिलाय. तिनं एक ढलपी उचलली, तोंडात टाकली, चघळली, छताकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "हे नाही. हे श्रीमंत लोकांचं काहीतरी लागतंय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला माहीत होतं. बुधवारी दुपारी दुकानं बंद झाल्यावर गेनर स्वतः दारात उभी. क्लिफर्डला वाटलं, आता ही काम काढून घेणार. पण गेनर म्हणाली की तिला चव अगदी काल खाल्ल्यासारखी आठवते, तेव्हा त्यानं करावं आणि तिनं सांगावं. डग्लसही तिच्या मागून आला होता, त्याचीही दुपार मोकळीच होती. स्वयंपाकघरात खुर्च्या दोनच. एक स्टूल निघालं. आयरीननं आपल्या घरून एक खुर्ची उचलून आणली, हिरव्या गादीची, आणि ती जाताना तिथेच विसरून गेली.

असे बुधवार सुरू झाले. क्लिफर्ड सकाळी उठून दाढी करू लागला. टेबलावर बेरिलचा टेबलक्लॉथ आला. दर बुधवारी तो तेच उंची बटर आणि तेच सोनेरी चॉकलेट घेऊन काहीतरी थोडं बदले. कधी पीठ वाढव, कधी साखर, कधी आच कमी कर. एवढं मात्र तो शिकला की गरम आहे तोवर कापायचं, नाहीतर छिन्नी आहेच. मंडळी खात आणि माना हलवत. गेनर म्हणे, आतून असं भुसभुशीत हवं. डग्लस म्हणे, भुसभुशीत कुठलं, माझा दात हलला होता. ती म्हणे, तुझा दात मारामारीत हलला होता. मग कस्टर्ड गुलाबी होतं की हिरवं यावर दोघांचं जुंपे. डग्लसनं गुलाबी कधी पाहिलंच नव्हतं म्हणे, त्याला पेपरमिंटचं हिरवं आठवत होतं, आणि आयरीन मध्येच म्हणे की दोन्ही होतं, पण गुलाबी बुधवारी.

क्लिफर्ड चहा ओतत ऐकत राही. काँक्रीटबद्दल बोलता बोलता ते बेरिलबद्दल बोलत, आणि ती बाई त्याला ओळखीची वाटत नसे. कोपऱ्याचा तुकडा सगळ्यात मोठा निघतो, तर तो ती सकाळी उपाशी आलेल्या पोराला देई, आणि कोण उपाशी आलंय हे तिला कुणी न सांगता कळे. डग्लसनं एकदा दोन कोपरे लाटले तर तिनं त्याच्या बोटांवर पळी हाणली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला हळूच तिसरा दिला. वाढताना ती नाच शिकवणाऱ्या मास्तरासारखी ठेका धरून मोजायची, आणि पोरं त्या ठेक्यावर पाय आपटत पुढे सरकायची. क्लिफर्डनं बायकोला ठेका धरताना कधी पाहिलं नव्हतं. घरी ती हळू चालत असे. तो दिवसा झोपलेला असायचा ना.

मंडळी गेली की तो कप धुऊन उपडे घाली आणि हिरव्या गादीची खुर्ची परत द्यायला उचली. मग पुढच्या बुधवारी लागेलच म्हणून पुन्हा ठेवी. त्या संध्याकाळी घर आधीपेक्षा जास्त रिकामं वाटे. एरवी त्याला सवय झालेली असे, बुधवारी ती मोडलेली असे.

जुलै लागला तरी चव सापडेना. गेनर काळजीत पडली. तिनं आणखी एक माणूस धरून आणला. आसिफ मेहमूद, टॅक्सीवाला, तोही त्याच शाळेचा. विमानतळावर भाडं सोडून तो उशिरा आला, दारातच बूट काढू लागला तेव्हा आयरीन म्हणाली की राहू दे रे बाळा, या लादीवर तुझ्या बुटांनाच घाण लागेल. त्यानं वडीचा घास घेतला आणि लगेच म्हणाला की यात बटर आहे.

उंची बटर आहे, असं क्लिफर्डनं ताठ मानेनं सांगितलं.

"बटर नव्हतंच कधी, मिस्टर हॉवर्थ. मार्गारीन होतं. पिवळा ठोकळा, एवढा."

सगळे त्याच्याकडे पाहू लागले. मार्गारीन ही बटरची गरीब बहीण. पाहुण्यांपुढे कुणी काढत नाही. तुला काय माहीत, असं डग्लसनं विचारलं.

मग आसिफनं सांगितलं. शाळेत पहिल्या दिवशी त्याला इंग्रजीचे चार शब्दही येत नव्हते. आईनं बजावून पाठवलेलं, की चरबी कशाची घालतात ते विचारल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. तो वाढपाच्या खिडकीशी ताट घेऊन उभा राहिला, खाईना, हलेना, मागे रांग खोळंबली. बेरिल बाहेर आली, त्याचा हात धरून त्याला आत घेऊन गेली. मांसाच्या पॅटीसकडे बोट दाखवलं आणि डुकरासारखी घुरघुरली. मग काँक्रीटच्या ट्रेकडे बोट दाखवलं, पुन्हा घुरघुरली, आणि बोट हलवून नाही नाही केलं. पिवळा ठोकळा काढून त्याच्या नाकाशी धरला. शेजारच्या फळीवरचा कोकोचा डबाही दाखवला. पुढे त्याचे तीन भाऊ त्या शाळेत आले आणि चौघांनीही सगळं शिक्षण बेरिलच्या घुरघुरण्यावर निभावलं.

"ती घुरघुरायची?" क्लिफर्डनं विचारलं.

"खऱ्या डुकराला लाज वाटेल अशी," आसिफ म्हणाला.

गेनर टेबलावर डोकं टेकून हसत होती. आम्ही सगळ्यांनी आयुष्यभर खाल्लं आणि आत काय आहे हे एकानंही विचारलं नाही, असं ती म्हणत होती. आयरीन तेवढी आपल्या कपात बघत बसली होती, जणू तळाशी काहीतरी पडलंय.

पुढचा बुधवार हा शनिवारच्या आधीचा शेवटचा. क्लिफर्डनं मार्गारीन आणलं, कोको आणला. सकाळीच मळलं. या वेळी गोळा हाताला वेगळा लागला, कोरडा आणि मुकाट, जिथे दाबावा तिथे बसणारा. त्यानं वरून साखर भुरभुरली, भाजलं, गरम असतानाच चौकोन कापले. आणि कोपऱ्याचा तुकडा घेऊन तो खिडकीपाशी उभा राहिला.

दात रुतला, मग वडी कडकन मोडली, मग तोंडात वाळूसारखी पसरली. गोड होती. कडवट होती. थोडी स्वस्त लागत होती. बस एवढंच. गावातल्या कुठल्याही माणसाला या घासानं बुटकी बाकं आठवली असती, ओले कोट आठवले असते, बेरिलचा ठेका आठवला असता. क्लिफर्डला काही आठवलं नाही. जिभेला आठवायला आधी काहीतरी दिलेलं असावं लागतं. जे दिलं होतं ते त्यानं कुत्र्याला घाल म्हणून परत केलं होतं. तरीही त्याला पक्कं कळलं की हीच ती. कारण घरात एक वास भरला होता, आणि तो वास त्याच्या ओळखीचा होता. सकाळी दारात कोट चढवणाऱ्या बाईच्या केसांना तो यायचा. त्यानं तो इतकी वर्षं तिचाच धरला होता.

म्हणजे जमलं. दुपारी मंडळी येणार, खाणार, हो म्हणणार. शनिवारी चहा होणार. आणि मग? त्यानं टेबलाभोवतीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. पुढच्या बुधवारी कुणाला काय कारण?

माणूस एकटा पडला की काय काय करतो, याच्या पुष्कळ गोष्टी माझ्याकडे आहेत, त्यांतल्या काही सांगण्यासारख्या नाहीत. क्लिफर्डनं काय केलं तर तो ट्रे उचलून कपाटात ठेवला, बेरिलच्या ठेवणीतल्या ताटांच्या खाली, आणि दार लावलं. मग वास जावा म्हणून खिडक्या उघडल्या आणि घाईघाईनं उरलेलं उंची बटर काढून दुसरा घाणा घातला.

दुपारी सगळे आले. खिडक्या सताड उघड्या बघून आयरीननं खांदे आवळले. त्यांनी खाल्लं. माना हलल्या. अजून तीच श्रीमंती, असं डग्लस म्हणाला. मार्गारीन मिळालं नाही का, असं आसिफनं विचारलं. क्लिफर्ड म्हणाला, संपलं होतं दुकानात, पुढच्या बुधवारी बघू. सत्तर वर्षांचा माणूस, पण खोटं बोलताना कान लाल झाले.

पुढचा बुधवार शनिवारनंतर येतो, हे गेनरनं त्याला अगदी हळुवारपणे सांगितलं. ती बराच वेळ कपाचा कान चोळत राहिली.

"मिस्टर हॉवर्थ, मी बेकरीत केक सांगून टाकते. यात काही कमीपणा नाही हो. लोक समजून घेतील. मिसेस हॉवर्थचं ते मिसेस हॉवर्थबरोबर गेलं, एवढंच."

आसिफनं किल्ल्या खिशात घातल्या. आयरीन मात्र क्लिफर्डकडे सरळ बघत होती, बेरिल नवऱ्याकडे कधी बघत असेल तर बघत असेल तशी.

क्लिफर्ड उठला. कपाटापाशी गेला, खाली वाकला, त्याचे गुडघे वाजले. ताटं खडखडली. त्यानं ट्रे आणून टेबलाच्या मधोमध ठेवला आणि आपल्या जागी बसून हात मांडीवर घेतले.

प्रत्येकानं एक एक तुकडा घेतला. पहिल्यांदाच त्या स्वयंपाकघरात वाद झाला नाही. गेनरनं एक घास घेतला आणि हात तोंडावर ठेवला, तो बराच वेळ काढलाच नाही. डग्लसनं उरलेला तुकडा हातात फिरवून फिरवून पाहिला, आणि एवढा मोठा खाटीक, त्याचा पाय टेबलाखाली ठेका धरू लागला. आसिफ हलकेच नाकातून घुरघुरला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

"हं," आयरीन म्हणाली.

हा ट्रे कपाटात का होता, असं कुणी विचारलं नाही. आमच्याकडे असं विचारत नाहीत. फक्त निघताना डग्लस म्हणाला की कपाटात मुरल्यानं छान झालंय, आणि गेनरनं त्याच्या पोटात कोपर मारलं.

शनिवारी हॉल गच्च भरला. क्लिफर्डनं पहाटेपासून ट्रेमागून ट्रे भाजले होते. तो आपला चांगला सूट घालून वाढपाच्या खिडकीशी, बेरिल उभी राहायची त्या जागी उभा राहिला आणि ताटांत तुकडे ठेवत गेला. टक्कल पडलेली, पोटं सुटलेली पोरं समोरून सरकत होती. लोक खात, डोळे मिटत, मग शेजाऱ्याकडे वळून बोलू लागत. तुला आठवतं का, तुला आठवतं का. हॉलभर तेच. क्लिफर्डकडे वळून कुणी तसं म्हणालं नाही, म्हणणार कसं? त्याला आठवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. कस्टर्ड बाहेरून मागवलेलं, प्लॅस्टिकच्या भांड्यांतून आलेलं, पिवळं आणि कोमट. कुणीतरी भाषण केलं आणि बेरिलच्या नावानं टाळ्या वाजल्या. त्यानंही वाजवल्या. संध्याकाळी रिकामे, धुतलेले ट्रे काखेत मारून तो टेकडी चढून घरी आला.

आणि मग बुधवार आला.

एक वाजला. जाळी खाली आली, पडदा ओढला गेला. क्लिफर्डनं सवयीनं दाढी केली होती. टेबलक्लॉथ घालायचा की नाही यावर त्यानं थोडा विचार केला आणि घातला नाही. गेनर कालच पावाच्या रांगेत भेटली होती, फार गोड बोलली, एकदा नक्की येऊन जाते म्हणाली. आमच्याकडे नक्की म्हणतात ते हवेबद्दल बोलतात तसंच, त्यावर कुणी छत्री घेऊन निघत नाही.

हिरव्या गादीची खुर्ची त्यानं पुसली आणि परत द्यायची म्हणून मागच्या दाराशी नेऊन ठेवली. ती देऊन टाकली की झालं, सगळं पूर्वीसारखं. त्यानं खुर्ची उचलली, खाली ठेवली. परत उचलली, खाली ठेवली. मग किटली ठेवली. चहा झाला. त्यानं पाहिलं तर चहा दोन कपांचा झाला होता, हाताला तशी सवय लागली होती. तो तिथेच उभा राहून बराच वेळ त्या भांड्याकडे बघत होता. मग शेकोटीपाशी गेला, सळई उचलली, आणि भिंतीवर दोनदा ठोकलं.

पलीकडे काही हाललं नाही. रेडिओसुद्धा नाही. आयरीन बहिणीकडे गेली असेल. झोपली असेल. इतक्या वर्षांनी या माणसाला ठोकायचं सुचलं म्हणून हसत असेल. त्यानं सळई जागेवर ठेवली, ती घसरून लादीवर पडली, तशी तो उचलायला वाकला. वाकलेला असतानाच मागचं दार उघडलं.

आयरीन होती. एका हातात दुधाची बाटली, दुसऱ्या हातात खाण्याच्या लाल रंगाची इवलीशी कुपी. दाराशीच खुर्ची दिसली तेव्हा तिनं ती पायानं सरकवून टेबलापाशी आणली आणि बसली.

"घेऊन जा म्हणून ठेवली होती," क्लिफर्ड म्हणाला.

"ते कस्टर्ड," आयरीननं ऐकलंच नाही. "शरम वाटली मला, शनिवारी. बेरिलच्या काँक्रीटवर पिवळं कस्टर्ड. ती असती तर तिनं ते भांडं आणणाऱ्याच्या डोक्यावर ओतलं असतं."

"मला कुठे येतं गुलाबी करायला?"

"मला येतं. बेरिलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सबंध हिवाळा शाळेत मीच केलं होतं."

क्लिफर्ड चहा ओतता ओतता थांबला. आयरीन शाळेत टेबलं पुसायला जायची, एवढं त्याला माहीत होतं. तेव्हाही तो दिवसा झोपलेलाच होता.

"आणि काँक्रीट?" त्यानं विचारलं.

"तेही."

बाहेर टेकडीवर एक मेंढी खोकली. क्लिफर्डच्या मनात ते सगळे बुधवार एकामागून एक फिरून आले. ते उंची बटर, ती छिन्नी, कपात बघणारी आयरीन.

"इतके बुधवार तू इथे बसून मान हलवत होतीस?"

"तू चव कशी होती ते विचारायचास," ती म्हणाली. "कसं करतात हे विचारलंस कधी?" तिनं चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि कुपीचं बूच दातानं काढू लागली. "तुझ्या वाटणीचं कितीतरी वर्षं माझ्याच घरी यायचं, क्लिफ. कधी वाटायचं परत द्यावं. पण ते द्यायचं कसं? बरं, दूध तापव. मंद आचेवर, आणि ढवळत राहा, नाहीतर खाली लागेल."

क्लिफर्डनं दूध ठेवलं आणि ढवळू लागला.

"जोरात नको," ती म्हणाली. "आणि पहिल्या वेळी बिघडणारच आहे. आत्ताच सांगून ठेवते."